माप घेणारी नजर

वंशमापन म्हणजे माणसाच्या शरीराची मापे घेऊन त्याचा वंश ठरवण्याची खटपट. तिची साधने साधी होती. वाकड्या पायांचा धातूचा कंपास डोक्याच्या दोन्ही बाजूंना टेकवायचा, पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत नोंदवायचा. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून 100 ने गुणले की शीर्ष निर्देशांक मिळे, आणि नाकाच्या रुंदीला उंचीने भागून 100 ने गुणले की नासिका निर्देशांक. हा दुसरा आकडा 70 च्या आत आला तर नाक अरुंद, 70 ते 85 मध्ये आला तर मध्यम, 85 च्या वर गेला तर रुंद. इथपर्यंत त्यात वावगे काही नव्हते. वावगे सुरू झाले ते या आकड्यावरून माणसाची बुद्धी, त्याची लायकी आणि समाजातली त्याची जागा ठरवू लागल्यापासून.

महाराष्ट्रात हे शास्त्र इंग्रजी राजवटीबरोबर आले, पण त्याला रुजायला लागणारी माती इथल्या घरांत आधीच तयार होती. चाफेकळी नाक, नकटे नाक, बसके नाक. उजळ, निमगोरा, गव्हाळ, काळासावळा रंग ही मोजपट्टी कोणा साहेबाने आणलेली नव्हती. मुलगी बघायला आलेली माणसे ती डोळ्यांत घेऊनच ओसरीवर बसत. म्हणून महाराष्ट्रातल्या वंशभेदाचा इतिहास सांगायचा तर प्रयोगशाळा आणि माजघर या दोन्ही जागी जावे लागते. त्यात क्रूर माणसे थोडी भेटतात. बहुतेक शिकलेली, सुस्वभावी, चारचौघांसारखी असतात, आणि आपण माप घेतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही नसते.

युरोपातली सुरुवात थोडक्यात अशी. जर्मनीतल्या गटिंगेनचे योहान ब्लूमेनबाख यांनी 1795 मध्ये मानवजातीचे पाच प्रकार सांगितले. त्यांच्या संग्रहातली जॉर्जियातल्या एका स्त्रीची कवटी त्यांना सर्वांत देखणी वाटली, म्हणून गोऱ्या लोकांना कॉकेशियन हे नाव पडले. एका माणसाच्या आवडीनिवडीतून आलेला हा शब्द पुढे दोनशे वर्षे शास्त्राचा शब्द म्हणून चालला. 1840 च्या सुमारास स्वीडनच्या अँडर्स रेट्झियस यांनी शीर्ष निर्देशांक काढला. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी 1859 मध्ये मानवशास्त्राची संस्था स्थापली आणि कवटी मोजणे ही प्रतिष्ठेची विद्या झाली.

भारतात ती आणली हर्बर्ट रिस्ले यांनी. बंगालमधल्या जाती-जमातींवरचा त्यांचा ग्रंथ 1891 मध्ये आला आणि 1901 च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. रिस्ले यांचे म्हणणे असे, की जातींची उतरंड आणि नाकांची उतरंड एकच आहे: नाक जितके अरुंद तितकी जात वरची, नाक जितके रुंद तितकी खालची. त्यांच्याच नोकरशाहीतले विल्यम क्रूक यांनी वायव्य प्रांतात मापे घेऊन हे जुळत नसल्याचे दाखवले होते. पण सोपी उतरंड लोकांना पटते आणि सरकारला सोयीची असते. रिस्ले यांचेच मत चालले. भारतातल्या लोकांचे त्यांनी सात गट केले आणि मराठी ब्राह्मण व कुणबी यांना शक-द्रविड गटात टाकले.

यावर मराठी विद्वानांची प्रतिक्रिया काय झाली, ते पाहण्यासारखे आहे. आपल्याला शक म्हटले, द्रविड म्हटले, आर्य म्हटले नाही, याचा अनेकांना राग आला. चिंतामण विनायक वैद्यांनी रिस्ले यांचे मत खोडून काढण्यासाठी आणि मराठे आर्यच होत हे सिद्ध करण्यासाठी बरेच परिश्रम घेतले. शिडीच चुकीची आहे असे म्हणणारे थोडे होते, वाद होता तो शिडीवरच्या पायरीचा. परकीय सत्तेने काळा म्हणून हिणवलेला माणूसही स्वतःपेक्षा काळा कोण हे शोधत राहतो, ही गोष्ट इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसते.

यापूर्वी दख्खनेत काळ्या रंगाकडे कसे पाहत, याचे एक मोठे उदाहरण मलिक अंबरचे. अबिसिनियात सुमारे 1548 मध्ये जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. तिथे त्याने जमिनीखालून खेळवलेल्या नहरी अजून दाखवल्या जातात. त्याच्या जमीनमहसुलाच्या व्यवस्थेचे नाव पुढच्या राजवटींतही घेतले गेले. मालोजीराजे आणि शहाजीराजे हे निजामशाहीच्या चाकरीत त्याच्या बरोबरीने वावरले, आणि 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्याच्याच बाजूने लढताना पडले. जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य तर 1948 पर्यंत टिकले. काळा रंग आणि आफ्रिकी जन्म हे दख्खनेत सेनापती होण्याच्या आड आले नाहीत.

याचा अर्थ तिरस्कार नव्हता असा नाही. जहांगीर बादशहाला अंबर कधी हाती लागला नाही. त्याचा राग त्याने आठवणींच्या पुस्तकात अंबरच्या काळ्या रंगावरून शिव्या देऊन काढला, आणि अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले. त्यात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. मराठीत हबशी हा शब्दही असाच घसरत गेला. हबशी म्हणजे हबसाणचा, म्हणजे इथिओपियाचा राहणारा. सतराव्या शतकातल्या कागदपत्रांत तो पराक्रमी शत्रूचे नाव आहे. पुढे आळीतल्या काळ्या मुलाला चिडवण्याचा तो शब्द झाला. तो वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना मलिक अंबर आठवत असेल.

एकोणिसाव्या शतकात घरातल्या जुन्या आवडीला ग्रंथांचा आधार मिळाला. चित्पावन ब्राह्मणांविषयी सह्याद्रिखंड या पुराणग्रंथात समुद्रकाठी वाहून आलेल्या प्रेतांची आणि परशुरामाने ती चितेवर शुद्ध केल्याची कथा आहे. ती मुळात कौतुकाची नव्हती. गोरा रंग आणि घारे डोळे यांचा मेळ युरोपीय वंशशास्त्राशी घालता येऊ लागल्यावर तीच कथा परदेशी, म्हणजे पर्यायाने वरच्या, रक्ताचा पुरावा म्हणून सांगितली जाऊ लागली. टिळकांनी 1903 च्या इंग्रजी ग्रंथात वैदिक आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेले. त्यामागचा ज्योतिषाचा आणि वेदांचा व्यासंग खरा होता. सामान्य वाचकाने मात्र त्यातून आपण आर्य एवढेच उचलले.

जोतीराव फुल्यांनी हाच सिद्धांत उलटा फिरवला. 1873 च्या ‘गुलामगिरी’त आर्य हे बाहेरून आलेले आक्रमक आणि शूद्रातिशूद्र हे या भूमीचे मूळ धनी ठरले. हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून अमेरिकेतल्या काळ्या गुलामाचे दुःख आणि शेजारच्या महार-मांगाचे दुःख एका ओळीत मांडणारा हा मराठीतला पहिला मोठा लेखक. दूरच्या अन्यायाबद्दल हळहळणे सोपे असते. त्याच मापाने आपल्या आळीकडे पाहायला लावणे हे फुल्यांनी केले, आणि ते त्यांच्या वाचकांना झोंबले.

या पार्श्वभूमीवर इरावती कर्वे यांची कहाणी येते. महाराष्ट्रातल्या वंशमापनाचा इतिहास जवळून पाहायचा तर याच एका बाईच्या मागोमाग चालावे. त्या मापे घेणाऱ्यांपैकी होत्या, मापांचा खोटेपणा उघडा करणाऱ्यांपैकीही होत्या, आणि आपल्याही नजरेत काही उरले आहे हे लिहून ठेवणाऱ्या तर फारच थोड्यांपैकी होत्या.

त्यांचा जन्म 15 डिसेंबर 1905 चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते आणि मुलीचे नाव इरावती नदीवरून ठेवले. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये झाले. रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या वाढल्या. मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली 1928 मध्ये त्यांनी एम. ए. केले. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. लग्न झाले होते दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. सासरे महर्षी कर्वे. विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या या सासऱ्यांचाच सुनेने परदेशी शिकायला जाण्याला विरोध होता. सुधारकाच्या घरातही सुधारणा उंबऱ्याशी अडखळते, याचे हे उदाहरण वंशाशी संबंधित नसले तरी इथे नोंदवण्याजोगे आहे. पतीने पाठिंबा दिला, जीवराज मेहता यांनी कर्ज दिले, आणि इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनच्या डालेम भागात 1927 मध्ये कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन संस्था सुरू झाली होती. संचालक होते ऑयगेन फिशर. फिशर यांचे नाव झाले होते जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या नामिबियातल्या, मिश्र वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासाने. 1908 मध्ये ते तिथे गेले तेव्हा हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन फौजांनी केलेला संहार नुकताच संपत आला होता. छावण्यांत मेलेल्या कैद्यांच्या कवट्या संशोधनासाठी जर्मनीला पाठवल्या जात. त्यांवरचे मांस काचेच्या तुकड्यांनी खरवडून काढण्याचे काम कैदेतल्या हेरेरो स्त्रियांकडून करून घेतले गेले. बर्लिनच्या कपाटांतल्या कवट्यांवर क्रमांक घातलेले असत. ती माणसे कोण होती, हे शास्त्राच्या दृष्टीने गौण होते.

इरावतीबाईंना दिलेला विषय कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा होता. युरोपीय माणूस अधिक तर्कशुद्ध विचार करतो, त्यासाठी त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते आणि इतर वंशांची त्या मानाने सारखी असते, अशी फिशर यांची अटकळ होती. निष्कर्ष आधी तयार होता, मापे त्याच्या मागून यायची होती. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. प्रत्येक कवटीची उजवी बाजू, डावी बाजू, दोन्हींतला फरक, पुन्हा पुढची कवटी. हे काम डोळ्यांना आणि बोटांना थकवणारे असते. एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तरी निष्कर्ष बदलतो, आणि मोजणाऱ्याला जे हवे असते ते दिसण्याचा मोह त्या एका मिलिमीटरमध्येच दडलेला असतो. त्यांना असे आढळले, की कवटीच्या दोन बाजू थोड्याफार वेगळ्या असणे हे सगळ्याच माणसांत आहे आणि त्याचा वंशाशी काही संबंध नाही. प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले.

परक्या देशातली सावळी विद्यार्थिनी, कर्जाऊ पैशांवर शिकणारी, आणि समोर त्या शास्त्रातले जर्मनीतले एक सर्वांत मोठे नाव. त्या परिस्थितीत आकडे जसे आले तसेच लिहिणे ही छोटी गोष्ट नव्हती. 1930 मध्ये त्यांना पदवी मिळाली. तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ऱ्हाईनलंडमधल्या आफ्रिकी बापांच्या आणि जर्मन आयांच्या मुलांची 1937 मध्ये सक्तीने नसबंदी झाली, तिच्यासाठी मुलांची तपासणी करणाऱ्यांत या संस्थेची माणसे होती. फिशर यांच्यानंतर 1942 मध्ये ओटमार फॉन फर्शुअर संचालक झाले. आउशविट्झच्या छळछावणीतला डॉक्टर योझेफ मेंगेले हा त्यांचाच विद्यार्थी, आणि छावणीतून मानवी अवयवांचे नमुने याच संस्थेकडे येत. ज्या टेबलावर इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, त्या टेबलापासून त्या छावणीपर्यंतचे अंतर पंधरा वर्षांचेही नाही.

इरावतीबाई परत आल्या आणि 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. त्यांनी कंपास टाकून दिला नाही. गावोगाव फिरून, धर्मशाळांत आणि एस्टीत रात्री काढत त्यांनी महाराष्ट्रातल्या जाती-जमातींची मापे घेतली. वि. म. दांडेकरांबरोबरचा त्यांचा मोठा अहवाल 1951 मध्ये आला. आजच्या वाचकाला हे खटकते आणि ते खटकणे योग्य आहे. बर्लिनमध्ये वंशाचा दावा खोटा ठरवणारी विदुषी जातींची नाके का मोजत होती? तिच्या काळातले शास्त्र ज्या चाकोरीतून चालत होते, तिच्यातून ती पूर्णपणे बाहेर पडली नव्हती, हे याचे सरळ उत्तर. पण तिने काढलेले निष्कर्ष रिस्ले यांच्या उलट दिशेला गेले. एका नावाची जात म्हणजे एका रक्ताचे लोक, हे तिला दिसेना. महाराष्ट्रातल्या कुंभारांचे उदाहरण इरावतीबाई देत. थोरचाके कुंभार मोठे चाक वापरतात, लहानचाके लहान. दोघेही मडकी घडवतात, दोघांनाही गाव कुंभारच म्हणतो, पण त्यांच्यात रोटीबेटी नाही आणि ते एका मुळातून फुटलेले आहेत असे मानायलाही आधार नाही. जात म्हणजे आपसांत लग्ने करणाऱ्या नातेवाइकांचा विस्तारलेला गोतावळा, हे त्यांचे मत 1961 च्या ‘हिंदू सोसायटी’ या इंग्रजी पुस्तकात सविस्तर आले आहे. नाकाच्या उतरंडीला त्यात जागा उरली नाही.

त्याच सुमारास नाकांचे आकडे दुसऱ्या एका मराठी माणसाने, डॉ. आंबेडकरांनी, आणखी धारदारपणे वापरले. घुर्ये यांनी 1932 च्या ग्रंथात दाखवले होते, की जात आणि नाक यांचा मेळ उत्तर हिंदुस्थानाबाहेर बसत नाही. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरच्या 1948 च्या ग्रंथात हीच मापे समोर ठेवली आणि विचारले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या नाकांचे आकडे एकाच प्रांतात सारखे येत असतील तर ते वेगळ्या वंशांचे कसे? ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असेल तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्यतेला वंशाचे मूळ नाही, हा त्यांचा निष्कर्ष. फुल्यांना गुरू मानूनही फुल्यांचा वंशसिद्धांत त्यांनी स्वीकारला नाही. आपल्या बाजूला सोयीचा सिद्धांत पुराव्यावर टिकत नाही म्हणून सोडून देणे, हेही स्वतःची नजर तपासण्याचेच काम होते.

इरावतीबाईंनी स्वतःकडे पाहिले ते वारीत. पंढरीच्या वाटेवरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख मराठी ललित लेखनात मानाचा आहे. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी बरोबर चालत, बरोबर भजन म्हणत, एकाच कीर्तनाला बसत. स्वयंपाकाची आणि जेवणाची वेळ आली की चुली वेगळ्या होत. दिवसभर एका विठोबाचे नाव घेतलेली माणसे संध्याकाळी आपापल्या पंगतीला जात, आणि यात काही विसंगत आहे असे बहुतेकांना वाटत नसे. इरावतीबाई मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, घरच्या गोष्टी सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असे कुणी म्हणाले. तेव्हा त्यांतल्या एका तरुण मुलीने विचारले, की तिथेही तुम्ही आमच्याशी असेच वागाल ना.

हा प्रश्न इरावतीबाईंच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी तो तसाच नोंदवला. तो एखाद्या कर्मठाला विचारलेला नव्हता. जातीचे सोवळे न पाळणाऱ्या, जर्मनीत शिकून आलेल्या, वंशभेदाचे शास्त्र आकड्यांनी खोटे पाडलेल्या बाईला तो विचारला होता, आणि विचारणारीला शंका घ्यायला पिढ्यान्‌पिढ्यांचे कारण होते. वारीच्या वाटेवर सलगी करणे आणि पुण्यातल्या घराच्या दारात तीच सलगी ठेवणे यांतला फरक त्या मुलीला ठाऊक होता. हजारो वर्षे शेजारी राहून ही माणसे एकमेकांची झाली नाहीत, अशी खंत त्या लेखात आहे. त्या खंतीत इरावतीबाईंनी स्वतःला बाजूला काढलेले नाही, आणि म्हणूनच तो लेख आजही वाचवत नाही इतका खरा वाटतो. पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडले ते 1947 मध्ये, साने गुरुजींनी 1 मेपासून प्राणांतिक उपोषण केल्यावर. सावळ्या, काळ्या विठोबाला माउली म्हणणाऱ्या समाजाला त्यासाठी उपोषण लागले.

शास्त्राच्या पातळीवर वंशाची कल्पना पुढच्या पंचवीस वर्षांत ढासळली. युनेस्कोने 1950 मध्ये जगभरच्या अभ्यासकांकडून निवेदन काढले, की वंशांच्या बुद्धीत जन्मजात उच्चनीचता असल्याचा पुरावा नाही. रिचर्ड लेवाँटिन यांनी 1972 मध्ये रक्तगट आणि प्रथिनांच्या आधारे हिशेब मांडला. मानवजातीतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत, सापडतात. भारताच्या राज्यघटनेने त्याआधीच पंधराव्या अनुच्छेदात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या जोडीने वंश हा शब्द घालून त्यावरून भेदभाव करायला मनाई केली होती.

माजघरातली मोजपट्टी मात्र यातल्या कशानेच हलली नाही. तिचा व्यापार वाढला. मुंबईत 1919 मध्ये अफगाण स्नो हे चेहऱ्याचे मलम आले. त्याआधी डाळीचे पीठ, हळद आणि साय होतीच. 1975 मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आले आणि खेड्यातल्या किराणा दुकानात त्याच्या छोट्या पुड्या टांगल्या जाऊ लागल्या. रंग उजळला की नोकरी मिळते, स्थळ मिळते, ही त्याची जाहिरात वर्षानुवर्षे घराघरांत दिसली. 2005 मध्ये पुरुषांसाठीही तसले मलम निघाले. 2020 मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा मृत्यू झाल्यावर जगभर निदर्शने झाली, तेव्हा कंपनीने नावातला गोरेपणाचा शब्द काढून ग्लो अँड लव्हली असे नाव केले. त्याच सुमारास एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय बंद केली. दोन्ही गोष्टी परदेशातल्या संतापामुळे घडल्या. पुण्यामुंबईतल्या, सांगली-साताऱ्यातल्या सावळ्या मुलींनी कांदेपोह्यांच्या बैठकांत शंभर वर्षे जे सोसले, त्यामुळे घडल्या नाहीत.

या सोसण्याची नोंद कुठल्या अहवालात नाही, पण त्याचे नेम प्रत्येक मराठी घराला पाठ आहेत. गरोदर बाईला मूल गोरे व्हावे म्हणून केशर घातलेले दूध. बाळंतिणीजवळ येऊन बाळाच्या कानामागचा रंग बघणारी आत्या, कारण खरा रंग तिथे कळतो असे मानतात. रंगाने डावी आहे पण नाकीडोळी नीटस, या वाक्यातला तो पण. दोन बहिणींपैकी धाकटी उजळ असेल तर पाहुणे यायच्या दिवशी तिला मावशीकडे पाठवणारी आई. यातली एकही बाई कुणाचे वाईट चिंतीत नाही. लेकीच्या पोटापाण्याची, संसाराची काळजीच ती करते आहे. वंशभेद माणसांत मुरतो तो याच वाटेने, काळजीचे आणि मायेचे रूप घेऊन. म्हणून तो ओळखायला अवघड जातो आणि तो दाखवून देणारा मुलगा किंवा सून घरात आगाऊ ठरते.

बाहेरच्यांच्या बाबतीत तोच भेद उघडावाघडा होतो. अरुणाचलातला एक तरुण जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत त्याच्या रूपावरून झालेल्या टिंगलीनंतरच्या मारहाणीत दगावला. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि वंशावरून केलेल्या अपमानासाठी दंडविधानात नवी कलमे घालावीत अशी शिफारस केली. 2013 मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर तणाव वाढला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली होती. परदेशात मराठी मुलाला कुणी रंगावरून हिणवले तर वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात, आणि यायलाच हवेत. त्याच मुलाच्या गावातल्या सोसायटीत आफ्रिकी विद्यार्थ्याला भाड्याने घर द्यायचे नाही असे बैठकीत ठरते, तेव्हा हात वर करणारे लोक तोच अग्रलेख वाचणारे असतात.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने सप्टेंबर 2011 मध्ये आपल्या संग्रहातल्या 20 कवट्या नामिबियाच्या शिष्टमंडळाच्या हवाली केल्या. नऊ हेरेरोंच्या होत्या, 11 नामांच्या. शंभर वर्षांपूर्वी मोजण्यासाठी नेलेली ती माणसे आपल्या भूमीत परत गेली. इकडे महाराष्ट्रात लग्नासाठी छापायच्या परिचयपत्रकात जन्मवेळ आणि उंची यांच्या खाली ‘वर्ण’ हा रकाना अजून असतो, आणि ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ यांपैकी एक शब्द तिथे लिहिला जातो. घरात असे पत्रक तयार होत असेल, तर तो रकाना काढून टाकावा. दुसऱ्याच्या पत्रकात तो दिसला, तर त्यावर बोट ठेवून विचारावे, की हे कशासाठी लिहिले आहे.